कथेची तालीम

कथा-कादंबरी लिहूं इच्छिणाऱ्या तरुण मंडळींसाठीं अभ्यासपाठ सांगणारीं पुस्तकें, शिबिरें आणि कार्यशाळा यांची अलीकडे इतकी रेलचेल झाली आहे कीं, ज्या घरांत एखादा मुलगा किंवा मुलगी वहीच्या मागच्या पानांवर गोष्टी लिहीत बसते, त्या घरांत यांपैकीं एखादें पुस्तक आज ना उद्यां येऊन दाखल होणारच. या पाठांचे स्थूलमानानें तीन वर्ग पडतात. पात्र कसें घडवावें, कथानक कसें रचावें आणि कथेचें जग कसें उभारावें, हे ते तीन वर्ग होत. या पाठांनीं खरोखर कांहीं साधतें काय, आणि साधत असेल तर त्यांपैकीं कोणत्या पाठांनीं साधतें, एवढाच प्रश्न आज आम्हीं विचारासाठीं घेतला आहे. वरवर पाहतां हा केवळ शिक्षणपद्धतीचा प्रश्न दिसतो. परंतु त्याच्या पोटांत वाङ्मयविचारांतील एक फार मोठा प्रश्न दडलेला आहे. तो असा कीं, दुसऱ्याचें मन जाणण्याची शक्ति अभ्यासानें वाढते कीं नाहीं?

या बाबतींत आपल्याकडे दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो, आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? प्रतिभा ही जन्माबरोबर यावी लागते. ती नसेल तर सर्व पाठ व्यर्थ, आणि असेल तर ते अनावश्यक. दुसरा पक्ष म्हणतो, गाणें शिकवितां येतें, चित्रकला शिकवितां येते, मग गोष्ट लिहिणें तेवढें शिकवितां येऊं नये, हें कोठलें शास्त्र? दोन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे. परंतु पहिला पक्ष हें विसरतो कीं, आड पाण्यानें भरलेला असला तरी दोर आणि पोहरा हीं लागतातच. आणि दुसरा पक्ष हें विसरतो कीं, नुसत्या पोहऱ्यांचा ढीग रचल्यानें पाणी वर येत नाहीं.

हा वाद आपल्या पूर्वाचार्यांना अपरिचित नव्हता. काव्याचा हेतु सांगतांना मम्मटानें शक्ति, निपुणता आणि अभ्यास या तिहींचा उल्लेख केला. परंतु तीं तीन स्वतंत्र कारणें न मानतां तिहींचा मिळून एकच हेतु मानला. त्याच अकराव्या शतकांत काश्मिरांत होऊन गेलेल्या क्षेमेंद्रानें तर ‘कविकंठाभरण’ नांवाची एक लहानशी पोथीच नवशिक्या कवींसाठीं रचून ठेवली आहे. तींत त्यानें शिष्यांचे तीन प्रकार केले आहेत: अल्प प्रयत्नानें साध्य होणारा, कष्टानें साध्य होणारा आणि असाध्य. व्याकरणानें किंवा तर्कानें ज्याचें मन करपून गेलें आहे अशाची गणना त्यानें तिसऱ्या प्रकारांत केली आहे, ही गोष्ट भाषेच्या शिक्षकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. अर्थाची चिंता न करतां नुसत्या वृत्तांत शब्द बसवून पाहावे, जुन्या श्लोकांतील शब्द बदलून पाहावे, असे पाठ त्या पोथींत आहेत. त्याचबरोबर लोकांचे आचार न्याहाळावे, शोकाकुल माणसांचे विलाप ऐकावे, असाही उपदेश आहे. म्हणजे हाताची तालीम आणि डोळ्याकानांची तालीम या दोन्ही क्षेमेंद्राला सारख्याच आवश्यक वाटत होत्या.

पश्चिमेकडेही हीच कथा आहे. चौथ्या शतकांतील अफ्थोनिअस या ग्रीक शिक्षकाच्या पाठमालेंत एक पाठ असा आहे कीं, जिचीं सर्व मुलें मरून पडलीं आहेत अशा नायोबीच्या तोंडीं त्या घटकेस कोणते शब्द येतील, तें विद्यार्थ्यानें लिहावें. त्यांत आधीं समोरचें दुःख, मग गेलेल्या दिवसांचें सुख आणि शेवटीं पुढच्या काळाचा विचार, असा क्रमही घालून दिलेला असे. अमेरिकेंत आयोवा विद्यापीठानें १९३६ सालीं लेखनाची कार्यशाळा रीतसर सुरू केली आणि पुढें त्या धर्तीचे वर्ग देशोदेशीं निघाले, हें खरें. तथापि परक्याच्या मनांत शिरून त्याच्या तोंडानें बोलावयाचें, ही त्यांतील मूळ कल्पना सोळाशें वर्षांपूर्वींची आहे. तेव्हां हे पाठ म्हणजे परदेशांतून आलेलें नवें खूळ आहे, हा आक्षेप टिकत नाहीं. आक्षेप घ्यावयाचाच तर तो विशिष्ट पाठांवर, त्यांचे गुणदोष पाहून, घेतला पाहिजे.

प्रथम पात्रनिर्मितीचे पाठ पाहूं. यांत सर्वांत लोकप्रिय पाठ म्हणजे प्रश्नावलीचा. पात्राचे डोळे कोणत्या रंगाचे, त्याला कोणता पदार्थ आवडतो, त्याच्या खिशांत काय असतें, लहानपणीं तें कशाला भीत असे, अशा पन्नास-शंभर प्रश्नांचीं उत्तरें लिहून काढलीं म्हणजे पात्र सिद्ध झालें, असा हा समज. आम्हांस ही प्रश्नावली लग्न जुळवितांना मागविलेल्या माहितीसारखी वाटते. तींत उंची, वर्ण, शिक्षण, गोत्र, पगार, सर्व कांहीं कळतें. कळत नाहीं तो माणूस. लग्न होऊन चार पावसाळे उलटल्यावर, हाताशीं पैसा कमी आणि दाराशीं पाहुणा उभा असा एखादा दिवस उजाडला म्हणजे तो जें करील, त्यावरून तो कळावयाचा. पात्र म्हणजे गुणांची यादी नव्हे. दोन प्रिय गोष्टींपैकीं एक सोडणें भाग पडलें असतां माणसाचें जें उघडें पडतें, तें पात्र. प्रश्नावलींत नेमका हाच प्रश्न नसतो, कारण त्याचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. त्यासाठीं गोष्टच लिहावी लागते.

हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं, वय अवघें सव्वीस असतांना, ‘करमणूक’ पत्रांत ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी क्रमशः देण्यास आरंभ केला. ती सर्वस्वीं यमूच्या तोंडून सांगितली आहे. एका तरुण पुरुषानें एका मुलीचा, पुढें सुनेचा आणि अखेरीस विधवेचा आवाज धारण करावा, आणि तो वाचकांनीं खरा मानावा, याला केवळ सहानुभूति पुरी पडत नाहीं. त्या आवाजाचें सामर्थ्य यमूच्या आवडीनिवडींत नाहीं. तिला काय बोलण्याची मुभा नव्हती, कोणासमोर नव्हती, आणि न बोललेलें मग कोठें साठत गेलें, यांत तें आहे. ती जेथें जेथें गप्प राहते, तेथें तेथें ती वाचकाला अधिक स्पष्ट ऐकूं येते.

याच जातीचा दुसरा दाखला दिवाकरांचा. शंकर काशिनाथ गर्गे या पुण्याच्या शाळामास्तरांनीं १९११ पासून ज्या ५१ नाट्यछटा लिहिल्या, त्यांत बोलणारें माणूस एकच असतें. समोर कोणी आहे, तो विचारतो आहे, हंसतो आहे, हें सारें त्या एकाच्या बोलण्यावरूनच ओळखावयाचें. वर्णन नाहीं, निवेदन नाहीं, लेखकाची टिप्पणी नाहीं. एवढीं सारीं साधनें काढून घेतल्यावर उरतें काय? बोलणाऱ्याला स्वतःविषयीं जें सांगावयाचें नसतें, नेमकें तेंच त्याच्या तोंडून निसटत राहतें. आमच्या मतें पात्रनिर्मितीचा याहून चांगला पाठ मराठी विद्यार्थ्याला दुसरा मिळावयाचा नाहीं, आणि तो त्याच्या घरच्या कपाटांत आहे.

परदेशीय पाठांत याला तोलणारा एक पाठ आम्हांस आढळला. जॉन गार्डनर या अमेरिकन कादंबरीकाराचें कथाकलेवरील पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९८३ सालीं, प्रसिद्ध झालें. त्यांत तो विद्यार्थ्याला एका धान्यकोठाराचें वर्णन करावयास सांगतो. तें कोठार पाहणारा एक बाप आहे, आणि त्याचा मुलगा नुकताच युद्धांत मारला गेला आहे. अट अशी कीं, मुलगा, युद्ध आणि मृत्यु यांचा उल्लेख मुळींच येतां कामा नये. मग तेंच कोठार, त्याच हवेंत, त्याच वेळीं, एका सुखी प्रेमिकाच्या डोळ्यांनीं पाहावयाचें. त्यांतही प्रेमाचा किंवा प्रियेचा उल्लेख वर्ज्य. हा पाठ ज्यानें एकदां मनापासून केला, त्याला वर्णन म्हणजे सजावट नव्हे, ही गोष्ट पुन्हां सांगावी लागत नाहीं.

तो मराठी घरांत आणावयाचा तर असा आणतां येईल. दिवाळीची पहाट आहे; ज्या घरांत वर्षाच्या आंत माणूस गेलें आहे अशा घरांतील आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या दृष्टीनें ती लिहावयाची. गेलेल्या माणसाचें नांव नको, मरण हा शब्द नको, कोणाच्या डोळ्यांत पाणीही नको. मग लिहिणाऱ्याला शोधावें लागेल. समोरच्या गॅलरींत आकाशकंदील आहे, आपल्याकडे खिळा तेवढा आहे. कढई फळीवरून खालीं उतरलेलीच नाहीं, तरी डब्यांत चकल्या आहेत. कारण शेजारच्या काकू झांकलेलें ताट घेऊन आल्या होत्या, आणि आईनें तें ताट घेतांना नेहमींसारखें त्यांना बसा म्हटलें नाहीं. फटाक्यांचा आवाज झाला कीं आजी खिडकी लावून घेते, आणि थोड्या वेळानें स्वतःच उघडते. या खिडकीपाशीं लिहिणारा पोंचला म्हणजे त्याला आजी कळूं लागली असें समजावें. तिचे डोळे कोणत्या रंगाचे होते, हें त्याला त्या वेळीं आठवणारही नाहीं.

आतां कथानकाच्या पाठांकडे वळूं. येथें याद्यांचा सुकाळ आहे. जॉर्ज पोल्ती या फ्रेंच लेखकानें १८९५ सालीं जगांतील सर्व नाट्यप्रसंग छत्तीस मूळ प्रसंगांत बसवून दाखविले. विल्यम वॉलेस कुक या अमेरिकन लेखकानें १९२८ सालीं ‘प्लॉटो’ नांवाचें पुस्तक काढून १,४६२ कथाबीजें क्रमांक घालून मांडलीं. कोणत्या क्रमांकाला कोणता क्रमांक जोडावा याचीही सोय त्यांत केलेली आहे. त्याच १९२८ सालीं रशियांत व्लादिमीर प्रॉप यानें शंभर परीकथा तपासून त्यांत येणाऱ्या घटनांचे एकतीस प्रकार ठरविले. प्रॉपचें काम शास्त्रज्ञाचें होतें; झालेल्या कथांची शरीररचना तो दाखवीत होता. परंतु शरीररचनेचा तक्ता भिंतीवर टांगल्यानें मूल जन्माला येत नाहीं, हें पुढच्या पाठ्यपुस्तककारांना नेहमींच स्मरत नाहीं.

मराठींत या विषयाचें नांव निघालें कीं ना. सी. फडके यांच्या १९३१ सालच्या ‘प्रतिभासाधना’ची आठवण अपरिहार्य आहे. कथालेखन ही एक कारागिरी आहे, तिचा विचार करतां येतो, ती सांगतां येते, हें त्या पुस्तकानें मराठी वाचकाच्या मनावर ठसविलें, आणि हा उपकार लहान नव्हे. परंतु तंत्राचा असा एक स्वभाव आहे कीं, निर्मात्याच्या हातीं तें हत्यार असतें आणि अनुकरण करणाऱ्याच्या हातीं तें सांचा होतें. गुंतागुंत, उत्कंठा आणि शेवटीं कलाटणी, हा क्रम हातांत बसला कीं मग गोष्ट कोणाची आहे हें पाहण्याचें कारण उरत नाहीं. १९४५ च्या सुमारास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांची कथा ‘नवकथा’ म्हणून पुढें आली, ती या सांच्याला कंटाळलेल्या वाचकाला हवीच होती.

हा सांचा आज सर्वांत बळकट कोठें टिकून असेल, तर तो आपल्या मुलांच्या उत्तरपत्रिकांत. ‘मुद्द्यांवरून गोष्ट लिहा, योग्य शीर्षक द्या, तात्पर्य लिहा’, हा प्रश्न न सोडविलेला मराठी शाळेंतील विद्यार्थी विरळा. मुद्दे ठरलेले, तात्पर्य ठरलेलें. मधल्या जागेंत मुलानें शब्द भरावयाचे. प्रामाणिक लांकूडतोड्याला सोन्याची कुऱ्हाड मिळणार आणि लोभी शेजाऱ्याची लोखंडाचीही जाणार, हें आधींच ठाऊक असल्यावर त्या शेजाऱ्याच्या घरीं त्या रात्रीं काय बोलणें झालें असेल, हा प्रश्न मुलाच्या मनांत यावयाचा कसा? आणि आला, व त्यानें तो लिहिला, तर त्याला गुण मिळावयाचे कसे? आम्हांस या प्रश्नपद्धतीचा मुख्य दोष हा वाटतो कीं, ती मुलाला गोष्टीचा शेवट आधीं आणि माणूस नंतर पाहावयास शिकविते. पुढें तेंच मूल मोठें होऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांकडेही त्याच दृष्टीनें पाहूं लागलें, तर त्याचा दोष एकट्या त्या मुलाचा नव्हे.

वस्तुतः कथानकाचा उत्तम पाठ आपल्या मुलांना शाळेंत जाण्यापूर्वींच मिळालेला असतो. चिमणीचें घर मेणाचें, कावळ्याचें घर शेणाचें. पाऊस आला, कावळ्याचें घर वाहून गेलें, आणि तो चिमणीच्या दाराशीं येऊन उभा राहिला. या गोष्टींत घडतें काय? जवळजवळ कांहींच घडत नाहीं. चिमणी दार उघडण्याचें लांबणीवर टाकीत राहते, एवढेंच. बाळाला न्हाऊं घालावयाचें आहे, मग पुसावयाचें आहे, मग काजळ घालावयाचें आहे. सबबींचे शब्द आणि गोष्टीचा शेवट हीं घरोघर निराळीं असतात. दाराबाहेरचा पाऊस मात्र सर्व घरांत तोच. प्रत्येक सबब खरी आहे, आणि प्रत्येक सबब क्रूरही आहे. चिमणी दुष्ट कीं सावध, याचा निर्णय गोष्ट देत नाहीं. ऐकणारें मूल मात्र एकदां दाराच्या आंत असतें आणि एकदां बाहेर. कथानक म्हणतात तें हेंच. घटनांची संख्या वाढविणें हें कथानक नव्हे. एकाच घटनेला उशीर लावून त्या उशिरांत माणसें दाखविणें हें कथानक. ही गोष्ट बाहेर भिजत उभ्या असलेल्या कावळ्याच्या तोंडून, एकही शिवी न घालतां, लिहून काढावी. १,४६२ कथाबीजांत न सांपडणारें कांहींतरी हातीं लागेल.

याच गोष्टीनें आपण तिसऱ्या वर्गाशीं, म्हणजे जगाच्या उभारणीशीं, येऊन पोंचतों. चिमणीकावळ्याच्या जगाचा नियम एका वाक्याचा आहे: शेण पावसांत विरघळतें, मेण विरघळत नाहीं. सारी गोष्ट या एका नियमावर उभी आहे. आजच्या पाठ्यपुस्तकांत जगाच्या उभारणीचे जे पाठ येतात, त्यांत नकाशे काढा, राजवंशावळी लिहा, पंचांग ठरवा, नाणीं पाडा, असें सांगितलेलें असतें. याचें मूळ बव्हंशीं टोल्कीन या इंग्रज प्राध्यापकाच्या यशांत आहे. १९५४-५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या महाकादंबरीला वंशावळ्या, कालगणना आणि लिपि यांचीं परिशिष्टें जोडलेलीं आहेत. परंतु टोल्कीन भाषाशास्त्रज्ञ होता. नव्या भाषा रचणें हा त्याचा जन्माचा ध्यास होता, आणि त्या भाषा बोलणारीं माणसें हवींत म्हणून त्याचें जग वाढत गेलें. त्याचीं परिशिष्टें हीं त्याच्या ध्यासाचीं फळें होत. अनुकरण करणारे फळें आधीं लटकवितात आणि मग झाड शोधतात.

जग उभारणें म्हणजे काय, हें आम्हांस मराठींत ‘बनगरवाडी’नें दाखविलें. माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ सालची. धनगरांच्या वस्तींत एक तरुण मास्तर येतो. शाळा आहे, पण मुलें मेंढरांमागें गेलेलीं आहेत. या एका गोष्टींतून त्या जगाचा कायदा कळतो: येथें मेंढराला मुलाची गरज आधीं आहे, पुस्तकाला नंतर. वस्ती मिळून तालीम बांधते, माणसें वाढतात, भांडतात, मरतात. आणि अखेर दुष्काळ पडतो, तेव्हां त्याच कायद्यानें सारी वस्ती उठून जाते. लेखकानें नकाशा दिलेला नाहीं, गरजही नाहीं. जगाची उभारणी करावयाची तर विद्यार्थ्याला एवढेच तीन प्रश्न विचारावे: या जगांत पोटाला कशानें मिळतें? कशाला परवानगी नाहीं? आणि काय संपलें म्हणजे हें जग मोडतें? यांचीं उत्तरें ज्याला देतां आलीं त्याचें जग उभें राहिलें. मग तें मंगळावर असो कीं माणदेशांत.

आतांपर्यंत जे पाठ आम्हांस उपयुक्त वाटले, ते एकत्र ठेवून पाहिलें तर त्यांत एक समान गुण दिसतो. ते लेखकाला कांहीं देत नाहींत. त्याच्यापासून कांहीं काढून घेतात. गार्डनर शोकाचें नांव काढून घेतो, दिवाकर निवेदन काढून घेतात. उर्सुला ले ग्विन या लेखिकेनें १९९८ सालच्या आपल्या लेखनपाठांच्या पुस्तकांत विशेषणें आणि क्रियाविशेषणें यांच्यावांचून वर्णन लिहावयास सांगितलें आहे. मराठींत हा पाठ करून पाहणाऱ्याला ‘सुंदर’, ‘भयाण’, ‘हळूच’, ‘अचानक’ या शब्दांवर आपण किती वर्षें उधारीनें जगत होतों, याचा हिशेब एका सायंकाळीं मिळेल. उलट प्रश्नावली, यादी आणि नकाशा हे पाठ लेखकाच्या हातांत सामग्री भरतात, आणि भरलेल्या हातांनीं चांचपतां येत नाहीं.

यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, बंधनांचाही एक खेळ होऊं शकतो. हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचें उत्तर आपल्याच वाङ्मयांत आहे. भारवीनें ‘किरातार्जुनीया’च्या पंधराव्या सर्गांत ‘न’ या एकाच व्यंजनावर श्लोक रचला. तो पाहून आश्चर्य वाटतें, आणि आश्चर्य ओसरलें कीं कांहीं उरत नाहीं. दंडीच्या ‘दशकुमारचरितां’त मंत्रगुप्त आपली हकीकत सांगतो, तींत एकही ओष्ठ्य वर्ण येत नाहीं, कारण प्रियेच्या दंतक्षतांनीं त्याचे ओठ दुखावले आहेत. कसरत येथेंही आहे, परंतु ती पात्राच्या ओठांतून आलेली आहे. हा भेद सूक्ष्म असला तरी निर्णायक आहे.

फ्रान्सांत हाच भेद विसाव्या शतकांत पुन्हां दिसला. रेमों क्नो यानें १९४७ सालीं बसमधील एका क्षुल्लक भांडणाची आणि पुढें एका ओव्हरकोटाच्या गुंडीची हकीकत ९९ रीतींनीं सांगितली. ती विनोदी आहे, आणि सांगण्याची रीत बदलली कीं सांगितलेली वस्तुही बदलते, हें ती शिकविते. तथापि ती तालीमच राहते. त्याच परंपरेंतील जॉर्ज पेरेक यानें १९६९ सालीं एक आख्खी कादंबरी रोमन लिपींतील ‘ई’ हें अक्षर न वापरतां लिहिली. फ्रेंच भाषेंत सर्वांत अधिक येणारें अक्षर हेंच. बाप आणि आई यांना त्या भाषेंत जे नेहमींचे शब्द आहेत, त्या दोहोंतही तें येतें. म्हणजे त्या कादंबरींत ते शब्द लिहितांच येत नाहींत. पेरेकचा बाप १९४० सालीं सैन्यांत लढतांना पडला, आणि आईला १९४३ सालीं आउश्विट्झच्या छळछावणींत नेण्यांत आलें, तेथून ती परत आली नाहीं. हें कळल्यावर त्या गाळलेल्या अक्षराकडे खेळ म्हणून पाहणें शक्य राहत नाहीं.

या साऱ्या विचाराला आज एक नवी धार आली आहे. २०२२ सालच्या अखेरीपासून मागाल ती गोष्ट क्षणांत लिहून देणारीं यंत्रें सर्वसामान्यांच्या हातीं आलीं आहेत. शंभर प्रश्नांची पात्रावली, छत्तीस प्रसंगांतील कोणताही प्रसंग, नकाशासकट एखादें राज्य, हें सर्व तीं विनासायास पुरवितात. त्यामुळें कित्येक पालक विचारूं लागले आहेत कीं, मग मुलांनीं हे पाठ करावे तरी कशाला? आमच्या मतें या यंत्रांनीं एक उपकारच केला आहे. पाठाचें फळ म्हणजे कागदावर उतरलेला मजकूर, असें ज्यांना वाटत होतें त्यांचा भ्रम आतां राहूं नये. पहाटे उठून गळा तापविणाऱ्या मुलीचे पलटे कोणी विकत घेत नाहीं, आणि उत्तम गाणें तबकडीवर सहज मिळतें म्हणून तिची आई तिला उठवावयाची थांबतही नाहीं. पलट्यांचें फळ त्या गळ्यांत असतें. खिडकी लावणारी आणि पुन्हां उघडणारी आजी ज्या मुलानें स्वतः शोधून काढली, त्याच्या वहींतला तो परिच्छेद कदाचित् सामान्यच असेल; परंतु पुढच्या वेळीं कोणाच्या घरीं दुःख झालें असतां तें मूल त्या घराच्या खिडकीकडे पाहील. हें पाहणें यंत्राकडून करवून घेतां येत नाहीं, कारण त्याची गरज त्या मुलाला आहे.

सारांश, अभ्यासानें प्रतिभा निर्माण होते असें आमचें म्हणणें नाहीं. क्षेमेंद्रानेंही तसें म्हटलें नव्हतें. अभ्यासानें लक्ष देण्याची संवय निर्माण होते, आणि ती संवय नसलेली प्रतिभा लवकरच स्वतःचेंच अनुकरण करूं लागते. पालकांना आणि शिक्षकांना आमची सूचना एवढीच कीं, कोणताही लेखनपाठ हातीं घेण्यापूर्वीं त्याला एक प्रश्न विचारावा: हा पाठ केल्यावर मुलाला एखादें माणूस, पूर्वीं दिसत नव्हतें असें, दिसूं लागेल काय? उत्तर नाहीं असें आलें तर तें पुस्तक खुशाल फळीवर ठेवून द्यावें. आणि शाळेच्या वहींत एखाद्या मुलानें लोभी शेजाऱ्याच्या घरची रात्र लिहिली, तात्पर्य मात्र लिहावयाचें विसरलें, तर त्याचे दोन गुण कापण्याआधीं ती रात्र एकदां नीट वाचावी.